तीन काळे, एक राखाडी आणि आत्याचा गाल

परवा रात्री आत्याचा गाल चौथ्यांदा खरवडून काढला. पॅलेट नाईफने ओला रंग ओढून काढला की खालचं कापड दिसायला लागतं, पण विणीच्या खाचांमध्ये थोडा रंग अडकून राहतोच, आणि अगदी खरं सांगते, तो जो अडकून राहिलेला रंग होता ना तोच मी गेल्या महिनाभरात लावलेल्या सगळ्या रंगापेक्षा जास्त आत्यासारखा दिसत होता. मग पुढे काही केलंच नाही, ब्रश धुतले आणि बसून राहिले. ही पोस्ट त्यातूनच लिहायला घेतलीये, कारण गेली सात-आठ वर्षं मी कृष्णवर्णीय चित्रकारांची जी चित्रं बघत फिरतेय त्या सगळ्यांचा त्या गालाशी संबंध आहे असं मला वाटायला लागलंय.

माझी आत्या काळी आहे. सावळी नाही, गव्हाळ नाही, काळी. आमच्या मिरजेच्या घरात हे कोणी सरळ बोलत नाही, "रंगाने जरा डावी" म्हणतात आणि लगेच "पण नाकीडोळी नीटस हं" असं जोडतात, आणि त्या 'पण'चा मला अगदी शाळेत असल्यापासून राग येतो. तिच्या लग्नातला एक फोटो माझ्याकडे आहे, ब्लॅक अँड व्हाइट, आणि त्यात तिचा चेहरा गोरा आहे. तेव्हा स्टुडिओत निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने बारीक टचिंग करायचे, निगेटिव्हवर जिथे पेन्सिल फिरते तिथे प्रिंटमध्ये उजळ येतं. त्या माणसाने चेहऱ्यावर भरपूर मेहनत घेतली आणि हातांवर घेतली नाही. त्यामुळे मांडीवर ठेवलेले हात आत्याचे आहेत आणि वरचा चेहरा दुसऱ्याच कोणाचा तरी. पोर्ट्रेट करायला घेतलं तेव्हा मी हाच फोटो समोर ठेवला होता, दोन दिवसांत कळलं की ह्याच्यावरून काही होणार नाही, कारण ह्यात जे बघायचंय तेच पुसलेलं आहे.

आणि मी शिकले तेही तसंच. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही दिल्या, मग एका क्लासमध्ये ऑइल शिकले, तिथे स्किनचा ठरलेला फॉर्म्युला होता: व्हाइट, येलो ऑकर, थोडा व्हर्मिलियन, सावलीला बर्न्ट सिएना. माणूस काळा असेल तर? तर अंबर, म्हणजे गडद तपकिरी, वाढवा. झालं. म्हणजे चेहरा गोऱ्या माणसाचाच, फक्त त्यावर ब्राऊनचा जास्त हात. दुसरा नियम असा की काळ्याची ट्यूब पॅलेटवर घ्यायचीच नाही, काळ्याने चित्र मरतं. हा नियम इंप्रेशनिस्ट लोकांपासून चालत आलाय, त्यांना उन्हातल्या सावल्या रंगवायच्या होत्या आणि तिथे तो बरोबरच होता, पण नंतर तो सगळ्याच चित्रांना लागू झाला आणि का ते कोणी विचारलं नाही. मी तो वीसेक वर्षं पाळला. नोकरीसाठी अमेरिकेत आले, मेरीलँडमध्ये राहायला लागले, शनिवार-रविवारचं पेंटिंग चालूच राहिलं, तरी ती ट्यूब कधी उघडली नाही.

उघडली ती २०१७ साली. जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीत बाल्टिमोरहून बसने न्यूयॉर्कला गेले होते, मेट ब्रॉयर म्युझियममध्ये केरी जेम्स मार्शल ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकाराचं 'मास्ट्री' नावाचं मोठं प्रदर्शन लागलं होतं, पस्तीसेक वर्षांचं काम एका जागी. तोवर त्याची चित्रं मी फक्त स्क्रीनवर बघितलेली आणि स्क्रीनवर ती माणसं काळा कागद कापून चिकटवल्यासारखी दिसतात, सपाट, फक्त डोळ्यांचं आणि दातांचं पांढरं तेवढं उठून येतं. मला वाटायचं हा मुद्दाम पोस्टरसारखं करतो. समोर उभी राहिले आणि कळलं की ह्यातलं निम्मं चित्र माझ्या मॉनिटरने गिळलं होतं. त्या काळ्यात गाल होता, गालाखाली जबड्याची कड होती, मानेवर एक घडी होती, पापणीची जाडी होती, आणि हे सगळं काळ्याच्या आतच. दोन पावलं बाजूला सरकलं की एक गोष्ट नाहीशी व्हायची आणि दुसरी दिसायला लागायची. मी एका चित्रासमोर इतका वेळ होते की गार्डने येऊन बाकावर बसायचं का विचारलं.

तो तीन काळे वापरतो. आयव्हरी ब्लॅक, मार्स ब्लॅक आणि कार्बन ब्लॅक. ज्यांनी ऑइल केलंय त्यांना माहितीये की ही एकाच रंगाची तीन नावं नाहीत. आयव्हरी म्हणजे आजकाल हाडं जाळून केलेला, थोडा पातळ, थोडा आरपार दिसणारा, तपकिरीकडे झुकलेला. मार्स म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, दाट, खालचं सगळं झाकून टाकणारा. आणि कार्बन म्हणजे काजळी, आजी दिव्यावर ताट धरून काजळ धरायची तोच पदार्थ, पांढऱ्यात मिसळून बघा, निळसर पडतो. मग ह्या काळ्यांमध्ये तो कुठे कोबाल्ट ब्लू घालतो, कुठे क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा, कुठे डायऑक्साझिन व्हायोलेट. त्यामुळे चेहऱ्याची गोलाई दाखवायला त्याला पांढऱ्याकडे जावंच लागत नाही, तो एका काळ्यावरून दुसऱ्या काळ्यावर जातो, उबदारावरून थंडावर. हे वाचायला सोपं वाटतं, करून बघा. मी घरी येऊन तिन्ही ट्यूब मागवल्या आणि पहिल्यांदा नुसते पट्टे ओढले, तीन पट्टे शेजारी शेजारी, आणि ते तीन वेगळे रंग होते. वीस वर्षं ज्याला मी एक रंग समजून बाजूला ठेवला होता तो एक रंग नव्हताच.

मार्शलचा जन्म १९५५ चा, अलाबामातल्या बर्मिंगहॅममधला, म्हणजे जिथे नागरी हक्कांची लढाई सगळ्यात कडवट झाली त्याच गावातला, १९६३ साली कुटुंब लॉस एंजेलिसला वॉट्स भागात गेलं आणि दोनच वर्षांत तिथेही दंगल पेटली. १९८० मध्ये त्याने एक छोटंसं सेल्फ-पोर्ट्रेट केलं, जेमतेम २० बाय १६ सेंटिमीटर, वहीच्या पानापेक्षाही लहान, कागदावर एग टेम्पेरा. काळ्या बॅकग्राउंडवर काळा माणूस, काळी हॅट, काळा कोट, दिसतं काय तर दोन डोळे, शर्टाचा पांढरा तुकडा आणि एक दात नसलेलं हसू. त्यात एक वेदना आहे की ह्या समाजात काळा माणूस समोर असूनही दिसत नाही, आणि लोकांना जे दिसतं ते तेवढंच, हसणारे दात. टेम्पेरा अंड्याच्या बलकात कालवलेला असतो, भसकन वाळतो, ऑइलसारखा घोळवता येत नाही, बारीक रेघांवर रेघा मारत जावं लागतं. म्हणजे जे दुरून सपाट वाटतं ते शेकडो रेघांचं काम असतं. तिथून पुढे त्याने ठरवूनच टाकलं की माझी माणसं काळी असणार, तडजोडीचा ब्राऊन नाही.

त्याचं 'स्कूल ऑफ ब्यूटी, स्कूल ऑफ कल्चर' नावाचं २०१२ चं एक भलंमोठं चित्र आहे, ब्यूटी पार्लरमधलं. बायका नटतायत, गप्पा मारतायत, पोझ देतायत, सगळ्या काळ्या आणि सगळ्या आपापल्या थाटात, आणि खाली जमिनीवर सोनेरी केसांच्या कार्टून राजकन्येचं एक वेडंवाकडं ताणलेलं डोकं तरंगतंय जे फक्त एका विशिष्ट कोनातून नीट दिसतं. मोठ्यांपैकी कोणाचं तिकडे लक्ष नाही. एक चिमुरडं पोर मात्र वाकून त्याच्या मागे काय आहे ते बघतंय. ते पोर बघून माझ्या घशात आवंढा आला, आमच्या घरी अंगाला हळद-बेसन लावून मला तासभर बसवायचे ते आठवलं.

बरं आता जरा टेक्निकल बोलते, कारण मला हे कळायला इतकी वर्षं लागली आणि कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. गोऱ्या कातडीवर प्रकाश पडला की त्यातला बराचसा आत शिरतो, आत पसरतो आणि परत बाहेर येतो, म्हणून ती आतून उजळल्यासारखी दिसते आणि उजेडापासून सावलीपर्यंत लांबलचक पायऱ्या मिळतात. काळ्या कातडीत मेलॅनिन त्या आत गेलेल्या प्रकाशातला पुष्कळ भाग शोषून घेतं. पण कातडीच्या वरच्या पृष्ठभागावरून जो प्रकाश थेट परत फिरतो, म्हणजे ज्याला आपण चमक म्हणतो, तो जवळपास तेवढाच राहतो. आतून येणारा कमी आणि वरून परतणारा तेवढाच, त्यामुळे चमक जास्त जाणवते. तुकतुकीत हा शब्द आपल्याकडे उगाच नाहीये. आणि चमकेला कातडीचा रंग नसतो, तिला उजेडाचा रंग असतो. खिडकीपाशी बसलं की कपाळावर आभाळाचा निळा, बल्बखाली पिवळा, हिरवी साडी नेसली की हनुवटीखाली हिरवा. काळ्या पाषाणाची मूर्ती तेल लावल्यावर बघितलीये ना तुम्ही, समईच्या उजेडात तिच्या खांद्यावर सोनेरी रेघ येते आणि दाराकडच्या बाजूला निळी, तसंच.

म्हणून अंबर वाढवून काही होत नाही. उजेड-सावलीचा पट्टा आखूड आहे, तिथे पांढरा घालून हायलाइट काढायला गेलं की राख फासल्यासारखं दिसतं, माझा आत्याचा गाल पहिल्या दोन वेळा असाच राखट मातकट झाला होता. त्या आखूड पट्ट्यात खेळायचं तर रंगाच्या उष्ण-थंडात खेळायला लागतं आणि पृष्ठभागाच्या पोतात, रंग जाड लावला की पातळ, चकचकीत ठेवला की मॅट, ओल्यावर ओला की वाळल्यावर. आजचे जे कृष्णवर्णीय चित्रकार त्यांच्याच माणसांची पोर्ट्रेट करतायत त्यांच्या कामात हाताळणीला एवढं वजन का आहे त्याचं अर्धं उत्तर मला इथे मिळतं. उरलेलं अर्धं इतिहासात आहे. युरोपच्या चित्रांमध्ये शतकानुशतकं काळा माणूस कडेला उभा, हातात तबक, बॅकग्राउंडच्या अंधारात निम्मा विरलेला. एदुआर माने ह्या फ्रेंच चित्रकाराच्या १८६३ च्या 'ऑलिंपिया'मध्ये फुलं घेऊन उभी असलेली लॉर नावाची मॉडेल आठवा, चित्रकार काही साधा नव्हता, पण त्याचं सगळं लक्ष पलंगावरच्या गोऱ्या अंगावर आहे आणि लॉरचा चेहरा मागच्या पडद्यात बुडत जातो. कोणाच्या कातडीसाठी तंत्र खर्च करायचं हा कोणीतरी घेतलेला निर्णय असतो.

फोटोतही तेच. कलर प्रिंट बरोबर येतायत का ते तपासायला लॅबमध्ये कोडॅकचं एक कार्ड असायचं, शर्ली कार्ड म्हणायचे, त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो, तिची कातडी बरोबर आली की मशीन बरोबर. काळे चेहरे त्या हिशोबात धरलेच नव्हते, त्यामुळे एकाच फोटोत गोरा आणि काळा माणूस असले की काळ्याचा चेहरा अंधारात जायचा. पुढे सुधारणा झाली त्यात फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्यांच्या तक्रारींचा हात होता, त्यांचे लाकडाचे आणि चॉकलेटचे ब्राऊन नीट येत नव्हते म्हणून. माणसं इतकी वर्षं येत नव्हती त्याचं काय. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा दिवसभर डोक्यातून गेलं नव्हतं.

अॅमी शेराल्डकडे येते आता. ती तर आमच्या शेजारचीच म्हणायची, कितीतरी वर्षं बाल्टिमोरला होती, वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत हॉटेलात वेट्रेसचं काम करून चित्रं काढत होती, २०१२ साली हृदय बदलायचं ऑपरेशन झालं, २०१६ मध्ये नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीची स्पर्धा जिंकली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तिचं मिशेल ओबामांचं पोर्ट्रेट लागलं. मी त्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनला जाऊन बघितलं, रांग होती. साधारण सहा फूट बाय पाच फूट, लिननवर ऑइल, मागे आकाशी निळा, आणि तो भला मोठा पांढरा ड्रेस ज्यावरचे भौमितिक तुकडे शेराल्डला अलाबामातल्या जीज बेंडच्या बायकांच्या गोधड्यांसारखे वाटले. आणि कातडी राखाडी.

रांगेत माझ्या मागे एक बाई म्हणत होत्या की हिला राखाडी का केलं, हिचा रंग का काढून घेतला. हा प्रश्न खूप जणांनी विचारला होता तेव्हा आणि तो चुकीचा नाहीये. मलाही आधी टोचलं, मला तर त्या निगेटिव्हवरच्या पेन्सिलीचीच आठवण आली. पण समोर थांबल्यावर मत बदललं. शेराल्ड हा राखाडी काळ्यात नेपल्स येलो मिसळून करते, काळा आणि पांढरा मिसळून नाही, म्हणून तो थंड मेलेला सिमेंटचा राखाडी होत नाही, त्याच्या आत एक पिवळसर ऊब राहते. ब्रशची खूण जवळजवळ दिसतच नाही, चेहरा शांत, सपाटीच्या जवळ जाणारा, आणि त्याला लागून कपड्यांचे झणझणीत रंग. तिला जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोंची ओढ आहे, कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस ह्यांनी १९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी आल्बम जमवले होते, त्यात कृष्णवर्णीय अमेरिकन माणसं आपल्या आवडीचे कपडे घालून ताठ बसलेली आहेत, कोणाचे नोकर म्हणून नाही. तो राखाडी तिथला आहे. रंग पुसला असं मला आता वाटत नाही, बघणाऱ्याने पहिल्या सेकंदाला जी चिठ्ठी चिकटवायची सवय लावून घेतलीये ती चिकटवायला तिने जागा ठेवली नाही, मग माणूस बघावाच लागतो, हनुवटीखाली टेकवलेला हात, ती जराशी कललेली नजर. आत्याच्या फोटोवाल्याने पेन्सिलीने तिला दुसरी कोणीतरी केलं होतं. शेराल्ड राखाडीतूनही त्याच बाईपाशी पोचते. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

तरीपण मला स्वतःला हात घालावासा वाटला तो अमोआको बोआफोच्या रस्त्याने. घानाचा, अक्राचा, १९८४ चा जन्म, नंतर व्हिएन्नात शिकला. २०२३ च्या डिसेंबरात डेन्व्हरला भावाकडे गेले होते तेव्हा तिथल्या म्युझियममध्ये त्याचं प्रदर्शन होतं, वहिनीला म्हटलं तुम्ही खरेदी करा मी इथेच थांबते. तो कपडे आणि बॅकग्राउंड ब्रशने करतो, सपाट, नीटनेटके, काही ठिकाणी तर कपड्यांचं डिझाइन छापील कागदावरून उतरवतो, पण कातडी बोटांनी. नुसत्या बोटांनी. चेहऱ्यावर, हातांवर, मानेवर रंगाचे वळसेच वळसे, तपकिरी, काळसर निळा, ऑकर, मध्येच लालसर, आणि ते एकमेकांत मुरवलेले नाहीत, शेजारी शेजारी सोडून दिलेत. व्हिएन्नात एगॉन शीले ह्या तिथल्या जुन्या चित्रकाराचं काम जवळून बघितलेला माणूस आहे, ती वळवळणारी कड त्याच्यात आलीये, पण शीलेची कातडी आजारी दिसते आणि ह्याची जिवंत. जवळ गेलं की बोटाची रुंदी ओळखू येते, कुठे बोट दाबलंय, कुठे नुसतं घासत नेलंय. कपड्याच्या सपाटीशेजारी हा असा हलणारा चेहरा आला की तुमची नजर तिथून हलतच नाही.

त्याने असं का केलं ते मला स्वतः केल्यावर समजलं. ब्रशच्या दांड्याने तुम्ही चेहऱ्यापासून फूटभर लांब असता, तुम्ही रेषा ठरवता, बरोबर-चूक करता. बोटाने केलं की ताबा जातो, हाडावरून बोट फिरतं तसं फिरायला लागतं, लहान मुलाच्या अंगाला तेल लावताना जसा हात जातो ना गालावरून कानामागे, तसा. (कोणी करून बघणार असाल तर नायट्राइलचे ग्लोव्ह घाला, कॅडमियम वगैरे असलेले रंग कातडीला लावायची गोष्ट नाही, आणि टर्पेंटाइनने हात तर धुऊच नका, साधं गोडेतेल लावून पुसायचं मग साबण.) आत्याच्या गालाची तिसरी खेप मी अशी केली. गाल चांगला झाला होता. पण तो आत्याचा नव्हता, बोआफोचा होता, म्हणून काढला.

बोआफोबद्दल लिहिलेलं बरचसं पैशांबद्दल असतं. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनला त्याचं पिवळ्या स्विमसूटमधल्या बाईचं चित्र लिलावात ३० ते ५० हजार पाउंडांच्या अंदाजाला ६ लाख ७५ हजारांना गेलं, मग फॅशन कंपन्या आल्या, मग २०२१ मध्ये त्याची तीन चित्रं रॉकेटच्या कॅप्सूलवर लागून अंतराळाच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन आली. ठीक आहे, पण बोटांचं काय, ते बोटांनी का करतो ह्याच्यावर दोन ओळी आणि लिलावाच्या किमतींवर दोन पानं, ह्याचं मला वाईट वाटतं.

टोयिन ओजिह ओडुटोला नायजेरियातल्या इफेची, अलाबामात वाढलेली, तिची सुरुवातीची पोर्ट्रेट साध्या बॉलपेनने केलेली आहेत. शाळेत वहीच्या कोपऱ्यात बॉलपेन घासून घासून एक चौकोन भरायचो आठवतंय? कागद जाड व्हायचा, मागच्या बाजूला उठायचा आणि शाई एका पॉइंटनंतर तांब्यासारखी चमकायला लागायची. तीच चमक. ती कातडीला दोऱ्यांसारख्या, वेणीच्या पेडांसारख्या पट्ट्यांमध्ये विणते, प्रत्येक पट्टा वेगळ्या दिशेला, त्यामुळे काळ्या शाईतच उजेडाच्या वाटा तयार होतात. तिच्या चित्रात कातडी म्हणजे जमीन वाटते, वरून बघितलेली, ओढे-नाल्यांची. बॉलपेन खोडता येत नाही, ओळ गेली की गेली.

आणि लंडनची लिनेट याडोम-बोआके, तिच्याबद्दल खूप लिहायचंय पण ते परत कधीतरी. ती खऱ्या माणसांची चित्रं काढतच नाही, मनातली माणसं, आणि ओल्यावर ओला रंग घालत बऱ्याचदा एका दिवसात चित्र उरकते, माणसांना चपला-बूट घालत नाही म्हणजे काळ कळू नये. अंधाऱ्या खोलीत अंधाऱ्या अंगाचा माणूस, आणि तरी तो विरत नाही, एवढं एकच बघा तिच्यात.

बार्कली हेंड्रिक्सला मात्र गाळता येणार नाही, कारण ह्या सगळ्यांच्या आधी तो होता. १९४५ चा, २०१७ ला गेला. १९६६ मध्ये विद्यार्थी असताना युरोपात फिरून जुन्या मास्टर लोकांची पोर्ट्रेट बघून आला, तिथे त्याची माणसं नव्हती, मग परत येऊन त्याच थाटात फिलाडेल्फियातले आपले मित्र, नातेवाईक पूर्ण उंचीचे रंगवायला लागला. त्याची एक युक्ती मला फार आवडते. माणूस ऑइलमध्ये आणि मागची सपाट जागा अॅक्रिलिकमध्ये. अॅक्रिलिक मॅट राहतं, उजेड पिऊन टाकतं, ऑइल चमकतं, त्यामुळे तुम्ही चित्रासमोरून चालत गेलात की मागची भिंत गप्प राहते आणि माणसाच्या कपाळावरून, जाकिटावरून उजेड तुमच्याबरोबर सरकतो. १९६९ च्या 'लॉडी मामा'मध्ये तर त्याने नात्यातल्या एका मुलीमागे चर्चमधल्या मूर्तीला असतो तसा सोन्याचा वर्ख लावलाय, मोठा गोल आफ्रो, साधा ड्रेस आणि मागे सोनं. न्यूयॉर्कच्या फ्रिक म्युझियममध्ये, जिथे रेम्ब्रँट आणि व्हॅन डाइक टांगलेत, तिथे २०२३ साली त्याची चित्रं लागली. तो तेव्हा हयात असायला हवा होता.

हे सगळं लिहिताना मला सारखा मलिक अंबर आठवतोय. हबशी गुलाम म्हणून इथिओपियातून विकत विकत दख्खनला आलेला माणूस, निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, १६१० मध्ये खडकी वसवली जी आजचं छत्रपती संभाजीनगर. जहांगीरला तो इतका डाचत होता की अबुल हसनने १६१६ च्या सुमारास एक चित्र केलं, बादशाह पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतोय. असं कधी घडलंच नाही, अंबर १६२६ मध्ये म्हातारा होऊन गेला. आणि त्याच मुघल दरबारातल्या हाशिमने केलेलं त्याचं पोर्ट्रेट लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, पांढरा जामा, काळसर तपकिरी चेहरा, एका बाजूने दिसणारा, जाडसर बांधा, थकलेला पण ठाम. शत्रूचा चित्रकार, पण त्याने बघितलंय. कागद अकीकाच्या दगडाने घोटून घोटून गुळगुळीत करायचे हे लोक, त्यामुळे तिथेही कातडीला एक बारीक चमक असते. चारशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखातल्या काळ्या माणसाला कोणीतरी उजळ न करता रंगवलं होतं आणि मला हे शाळेत सहावीच्या पुस्तकाऐवजी चाळिशीत कळलं. आत्याची गोष्ट आणि अटलांटिकपार गुलामीतून आलेल्या लोकांची गोष्ट एक नाही, मी ती एक करणारही नाही, पण रंग कसा लावायचा हे मला त्यांनी शिकवलंय आणि ते ऋण मी लपवणार नाही.

आत्या सध्या इथेच आहे, मे महिन्यात आलीये, सहा महिने राहणार. मी फोटो ठेवून दिलाय ड्रॉवरमध्ये. सकाळी ती स्वयंपाकघरात उत्तरेच्या खिडकीपाशी मेथी निवडत बसते आणि मी तिथेच कोपऱ्यात छोटं ईझल लावलंय. आज चौथ्या खेपेचा तो खरवडलेला गाल मी पुन्हा झाकला नाही. कापडात अडकलेला रंग तसाच ठेवला आणि त्यावर गालाच्या हाडापाशी फक्त एक रेघ ओढली, कार्बन ब्लॅकमध्ये पांढऱ्याचा एक थेंब आणि कणभर कोबाल्ट, खिडकीतल्या आभाळाची. हनुवटीखाली मेथीचा हिरवा खरंच येतो, मी घातलाय.

आत्या हात धुऊन मागे येऊन उभी राहिली. पदराने चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता म्हणणार जरा उजळ कर गं.

"कपाळ चुकलंय," ती म्हणाली. "कपाळ माझं गालापेक्षा काळं आहे. पहिल्यापासून आहे. इथे बघ, हे असं कडेला जास्त," आणि तिने बोटाने स्वतःच्या भुवईच्या वरपासून केसांपर्यंत एक रेघ दाखवली.

मी बघितलं. आहे. इतक्या वर्षांत मला दिसलं नव्हतं. तिला म्हटलं जरा तशीच थांब, आणि मार्स ब्लॅकची ट्यूब शोधायला लागले.